दगड वाजले तेव्हा

कुणी शेळ्या पाळतो, कुणी कोंबड्या. मंगळूनं गेले आठ महिने राग पाळला होता, आणि त्याला चारापाणी करायला तो एक दिवस चुकला नव्हता. सकाळी अंगणात तोंड धुताना समोर धाकट्या भावाचं, हिरामणचं दार दिसे. ते दिसलं की मंगळू अशी खाकरून चूळ थुंकायचा की समोरच्या घरात ऐकू गेलंच पाहिजे. हिरामणही काही कमी नव्हता. तो आतून तेवढ्याच जोरात भांडं आपटायचा. दोघांच्या बायका मात्र एकाच हापशावर पाणी भरत, एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवून देत आणि नवऱ्यांचा विषय टाळत.

भांडण डोहावरून होतं. पेठच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीकडे डोंगर उतरत जातात, तिथं त्यांचा पाडा. पाड्याखालची नदी गोदावरीसारखी पूर्वेला जात नाही, ती पश्चिमेला समुद्राकडे पळते. म्हणून तिच्यात वाम येते. हातभर, दोन हात, कधी चार हात लांब, सापासारखी गुळगुळीत मासळी. मंगळूचा बाप सांगायचा, वाम समुद्रात जन्मते आणि करंगळीएवढी असताना नदीनं वर चढत येते. धबधब्याच्या ओल्या खडकावरूनसुद्धा सरपटत चढते. बापानं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण वामेच्या बाबतीत त्याचा शब्द पाड्यात शेवटचा होता. आता खाली मोठं धरण झाल्यापासून वर पोचणाऱ्या वामा मोजक्याच. ज्या पोचतात त्या घोडडोहाच्या कपारींत वर्षानुवर्षं राहतात आणि अंधाऱ्या रात्री भक्ष्याला बाहेर पडतात.

गेल्या शिमग्याला हिरामण दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतून घरी आला तो तीन दोस्तांना घेऊन. त्यांच्याबरोबर एक बॅटरी होती, इन्व्हर्टर होता आणि बांबूला बांधलेल्या दोन तारा होत्या. त्यांनी घोडडोहात करंट सोडला. सकाळी मंगळू खाली गेला तेव्हा डोहावर पांढरी पोटं तरंगत होती. मोठे मासे त्यांनी पोत्यात भरून नेले होते. चाळीस-पन्नास करंगळीएवढी वामेची पिल्लं काठाला लागली होती, ती उचलायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. समुद्रापासून धरण चुकवून कशी कोण जाणे वर चढलेली ती पिल्लं हातात घेतली आणि मंगळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तसाच ओल्या हातानं भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. हिरामणचे डोळे ताडीनं तांबारले होते. तो म्हणाला, "मी फकस्त बॅटरी धरली व्हती."

"बॅटरी धरली? लाज वाटत नाय सांगाया?"

"डोह काय तुझ्या बापाचा हाय?" हिरामण ओरडला. दोघांचा बाप एकच होता, हे त्या घटकेला दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. कारभारीबाबा, पाड्यातला सगळ्यात जुना माणूस, मध्ये पडला. त्यानं दोघांना बसवलं, तंबाखू दिली आणि "झालं गेलं सोडून द्या" म्हणून विषय मिटवला. म्हणजे त्याच्यापुरता मिटवला. मंगळूनं तंबाखू तेवढी खाल्ली.

आता डोहाचे नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळंच घडलं. वामेला रात्री धरायचं तर उजेड चालत नाही. विजेरी लागली की ती कपारीत जाते आणि दोन रात्री बाहेर येत नाही. मोबाइलला तर त्या घळीत रेंजच नाही. ज्याचा त्याचा खडक ठरलेला असतो, बापाकडून आलेला. मंगळूचा वरचा खडक, आणि नदीच्या वळणापलीकडे, हाकेच्या अंतरावर, हिरामणचा खालचा. आणि रात्री डोहावर नाव घ्यायचं नाही. अंधारात कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, कारण ती हाक माणसाची असेलच असं नाही. माणसाला माणूस हवा असेल तर तो दगडावर दगड वाजवतो. दोनदा ठोका, थांबा, पुन्हा दोनदा. असा दगड वाजला की हातातली वाम सोडून, गळ टाकून, असाल तसं जायचं. बापानं हे दोघांना एकाच रात्री, एकाच खडकावर बसवून शिकवलं होतं, आणि शिकवताना दोघांच्या टाळक्यात एकेक टपली मारली होती.

कार्तिकातल्या अवसेला भात कापून झालं होतं, खळं आवरलं होतं. मंगळू संध्याकाळी बेडकं धरून, डब्यात घालून डोहावर गेला. जाताना त्यानं पाहिलं, समोरच्या घरातून हिरामणही गळ घेऊन निघत होता. मंगळू मुद्दाम थांबून राहिला, तो पुढं जाईपर्यंत. एका वाटेनं दोघं चालले असते तर पाड्याला वाटलं असतं की समेट झाला, आणि एवढा जपलेला राग फुकट गेला असता.

वरच्या खडकावर बसून त्यानं बेडूक गळाला लावला, दोरीला जड नट बांधला आणि कपारीच्या तोंडाशी अलगद सोडला. दोरीचा वेढा त्यानं बोटाभोवती घेतला. पाणी काळं, आभाळ काळं, फक्त थंडी जाणवत होती. दोन तास काही झालं नाही. मग दोरी एकदा हलली, थांबली आणि सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी सरकायला लागली. मंगळूच्या अंगावर काटा आला. ही लहान वाम नव्हती. लहान वाम झटके देते. मोठी सरळ चालू लागते.

त्यानं झटका दिला, गळ बसला, आणि पुढच्याच क्षणी वाम मागं हटून कपारीत घुसली. अशी वाम कपारीत अंग फुगवून बसते, शेपटीनं खडकाला धरते. ओढली तर दोरी तुटते नाहीतर गळ मोडतो. तेव्हा ओढायचं नाही. दोरी जराशी सैल ठेवायची, बोटाला तिची जाणीव ठेवायची आणि वाट बघायची. तिला वाटतं संकट टळलं, ती अंग सैल सोडते, तेवढ्यात काढायची. कधी अर्धा तास लागतो, कधी पहाट होते. मंगळू दोरी धरून बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचं डोकं शांत झालं होतं. करंटनं सगळी मेली नव्हती तर. एक तरी राहिली होती.

आणि तेव्हा खालच्या अंगानं दगड वाजले.

ठक ठक. मग थांबून, ठक ठक.

त्यानं मान वर केली. पाण्याचा आवाज वेगळा, लाकडाचा वेगळा. हा दगडावरचा दगड होता, आणि वाजवणारा एकच माणूस असू शकत होता. मंगळूचं अंग उठायला निघालंसुद्धा. पंचवीस वर्षांची सवय ती. पण बोटाला दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला ती होती. आणि त्याच्याही आधी, खरं सांगायचं तर, राग जागा झाला होता. आता दगड वाजवतो काय? करंट सोडला तेव्हा नाही आठवला दगड? तेव्हा बापाचा डोह नव्हता, आता बापाचे नियम पाहिजेत. गळाला मोठी लागली असेल, एकट्याला उचलत नसेल, म्हणून दादा हवा झाला. उचल म्हणावं त्या दोस्तांना बोलावून. बॅटरी घेऊन येतील.

तो बसून राहिला. पण दात-ओठ खाताना त्याच्या हाताला नकळत जोर आला, दोरी ताणली गेली, खडकाच्या धारेवर घासली आणि एकदम सैल पडली. त्यानं दोरी वर घेतली. गळ होता, सरळ झालेला. बाकी काही नव्हतं. मंगळूनं त्याबद्दलही हिरामणलाच शिवी दिली.

तेवढ्यात दगड दुसऱ्यांदा वाजले. ठक ठक. मध्ये बराच वेळ गेला. ठक... ठक. पहिल्यासारखे जोरकस नव्हते. चुकतमाकत, हाताला दगड पेलत नसल्यासारखे.

आता त्याच्या हातात काही नव्हतं. वाम नव्हती, दोरीही त्यानं गुंडाळून ठेवली होती. खालच्या खडकापर्यंत जायला विडी ओढून संपेल एवढाच वेळ लागला असता. मंगळूनं दोन्ही हात काखेत घातले आणि तो बसून राहिला. वाजव म्हणाला. वाजव, किती वाजवतोस ते.

मग हाक आली. "मंगळूदादाऽऽ!"

एकदाच. आणि ती ऐकून मंगळूच्या छातीतून काय गेलं असेल तर सुटकेचा श्वास. काळजी नाही, भीती नाही, सुटका! नावानं हाक आली होती. नावाच्या हाकेला डोहावर ओ द्यायची नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्याकडून काही चुकत नव्हतं. नियम त्याच्या बाजूला येऊन बसला होता. त्यानं डबा उचलला, दोरी काखेत मारली आणि खालच्या खडकावरून जाणारी रोजची वाट सोडून तो वरच्या कड्याच्या वाटेनं घरी गेला.

"इतक्यात?" चतुराबाईनं, त्याच्या बायकोनं, अंथरुणातून विचारलं.

"थंडी हाय," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. झोप लागली नाही. कोंबडा आरवेपर्यंत तो समोरच्या दाराची कडी वाजायची वाट बघत होता. कडी वाजली नाही.

उजाडता उजाडता भागीबाई, हिरामणची बायको, दारात आली. "दादा, हे नाय आले रातीपून. वर दिसले का तुमाला?"

मंगळू पळत सुटला. ते पळणं खरं होतं, त्यात काही लबाडी नव्हती. वाटेत दोनदा पडला, ढोपर फुटलं, तरी थांबला नाही.

हिरामण खालच्या खडकाखाली, कमरेएवढ्या पाण्यात होता. त्याच्याही गळाची वाम कपारीत घुसलेली असणार, आणि वाट बघायची सोडून हा आपला हातानं काढायला खाली उतरलेला. पावसाळ्यात पुरानं सरकवून अधांतरी ठेवलेला धोंडा त्याच्या वजनानं कलंडला होता आणि उजवा पाय त्याखाली सापडला होता. तोंड निळं पडलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. जीव होता. दात वाजत होते.

मंगळू पाण्यात उतरला. त्यानं भावाला काखेत धरलं, आणि तेव्हा त्याला ते दिसलं. हिरामणच्या उजव्या मुठीत एक गोटा होता. बोटं त्याच्याभोवती आखडून गेली होती, आणि खडकावर हाताच्या टप्प्यात, जिथं तो वाजवला होता, तिथं पांढरे चट्टे पडले होते.

मागून वाटेवर भागीबाईच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मंगळूनं काय करावं? त्यानं भावाची बोटं एकेक करून उघडली, गोटा काढून घेतला आणि डोहात टाकला. मग ओल्या तळव्यानं खडकावरचे चट्टे पुसले. चट्टे काही पुसले गेले नाहीत, पण ओले झाले, दिसेनासे झाले. एवढं झाल्यावर तो ओरडला, "भागी! माणसं बोलव! पहार आणाया सांग!"

पहारी आल्या, माणसं आली. धोंडा हलवला, हिरामणला घोंगडीच्या डोलीत घालून चढण चढवली, जीपनं पेठ आणि तिथून नाशिक. तिथल्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला. रात्रीच बाहेर काढलं असतं तर पाय वाचला असता, असं त्यांनी भागीबाईला सांगितलं. तिनं ते पाड्यातल्या माणसांना सांगितलं, आणि माणसांनी मंगळूला विचारलं, की तू तर वर होतास.

"नावानं हाक आली," मंगळू म्हणाला. "एकदाच."

बस्स, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. कारभारीबाबा तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ओ दिली नाय ते बरंच केलंस. तुझ्या जागी मी असतो तरी दिली नसती. हिरामण एवढा जाणता, त्याला दगड वाजवाया काय झालं व्हतं?"

मंगळूच्या अंगाचा तिळपापड झाला. "हात काढ," तो खेकसला. आठ दिवस हेच चाललं. जो तो येई, त्याची पाठ थोपटे, हिरामणला वेडा ठरवी आणि निघून जाई. मंगळूला त्या प्रत्येकाचं मुस्काट फोडावंसं वाटे. ज्या माणसाला खरं कुणी विचारत नाही, त्याला खोटं बोलायचंही सुख मिळत नाही.

विचारलं फक्त चतुराबाईनं. चुलीपुढं बसून, मागं न बघता. "दगड वाजलं व्हतं का?"

"नाय म्हटलं ना!" त्यानं ताट सरकवलं ते थेट उंबऱ्यापर्यंत गेलं.

तिनं ताट उचललं, भाकरीवरची माती झटकली आणि पुन्हा त्याच्यापुढं ठेवलं. मग म्हणाली, "नाशिकला जाऊन ये. भाऊ हाय."

नवव्या दिवशी तो गेला. एसटीत खिडकीशी बसून, मांडीवर नागलीच्या भाकऱ्यांचं फडकं धरून, तो पूर्ण वाट हिरामणशी भांडत होता. तू दगड वाजवलेस म्हणशील तर मी म्हणेन करंट सोडलास. तू पाय दाखवशील तर मी ती चाळीस पिल्लं दाखवीन. तू उतरलासच कशाला खाली? वाट बघायला काय धाड भरली होती? सावळघाटाच्या वळणावळणानं त्याची तयारी पक्की होत गेली. शहरात उतरला तेव्हा त्याच्याकडं एवढी उत्तरं होती की हिरामणला तोंड उघडायला जागाच राहिली नसती.

वॉर्डात हिरामण खाटेवर उशीला टेकून बसला होता. चादर उजव्या बाजूला जिथं उंच असायला हवी तिथं सपाट होती. भागीबाई पायाशी होती, आणि कारभारीबाबाही आदल्या दिवशीच येऊन बाकावर ठाण मांडून बसला होता. मंगळू उभाच राहिला. भाकऱ्यांचं फडकं त्यानं खाटेवर ठेवलं.

कारभारीबाबाला राहवेना. "हिरामण, आता तुझा दादा पन हाय, तर सांग बाबा. सगळा पाडा इचारतो. तुला दगड वाजवाया काय झालं व्हतं?"

मंगळूनं कमर कसली. आता आलं. आता हा बोलणार, आणि मग मी बोलणार.

हिरामणनं त्याच्याकडं पाहिलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली, पण नजर साफ होती. मग तो कारभारीबाबाला म्हणाला, "सुचलंच नाय, बाबा. घाबरलो. नावानंच हाक मारली. दादाचं काय चुकलं नाय."

भागीबाई उसळली. "सुचलं नाय? बापानं जल्मभर तेच शिकवलं ना? एक दगड वाजवला असता तर पाय राहिला असता! दादा काय बसून राहिले असते? आता मी काय करू या माणसाला?" ती रडत, शिव्या देत, पदरानं नाक पुसत बाहेर गेली. कारभारीबाबाही "चहा घेऊन येतो" म्हणून तिच्यामागं गेला. हिरामणनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

एसटीत जमवलेलं एकही उत्तर उपयोगाचं राहिलं नव्हतं. ज्याचा पाय गेला त्यानंच शिव्या खाल्ल्या होत्या, मंगळूसाठी, मंगळूसमोर. एवढा राग त्याला करंटच्या सकाळीही आला नव्हता.

"कशाला खोटं बोललास?" तो दबक्या आवाजात गुरगुरला. "तुला कुणी सांगितलं व्हतं?"

हिरामणनं हळूच, जुन्या दिवसांत डोहावरून परतताना विचारायचा तसं विचारलं, "मोठी व्हती का?"

"काय?"

"वाम. तुझ्या गळाला व्हती ना?" हिरामणच्या तोंडावर चक्क हसू होतं. "मी पाण्यात उभा राहून तेच म्हणत व्हतो. दादाच्या गळाला मोठी लागली, कपारीत गेली. आता ती सुटंस्तवर दादा काय उठायचा नाय. सकाळपातूर मी त्या वामेलाच शिव्या घातल्या. तुला नाय. बापानं काय बी शिकवलं असू दे, मोठी वाम सोडून कोन उठंल? मी पन नसतो उठलो."

एवढं सोपं होतं. "व्हय, चार हाताची व्हती," म्हणायचं. हात पसरून दाखवायचे. हिरामणनं मान हलवली असती, कुठल्या कपारीत, बेडूक होता की गांडूळ, असं विचारलं असतं, आणि दोघांनी मिळून वामेला शिव्या घातल्या असत्या. आठ महिन्यांचं भांडण तिथल्या तिथं मिटलं असतं. भावानं दार सताड उघडून ठेवलं होतं आणि मंगळूनं फक्त आत पाऊल टाकायचं होतं. शब्द त्याच्या ओठावर आलेसुद्धा. आणि मग त्याला तो गोटा आठवला, बोटं उघडताना जाणवलेला त्या थंड बोटांचा चिवटपणा आठवला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"व्हती," तो म्हणाला. "पहिल्यांदा दगड वाजलं तवा व्हती. मग सुटली. दुसऱ्यांदा वाजलं तवा माझा गळ रिकामा व्हता."

हिरामणच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला समजायला वेळ लागला. "रिकामा?"

"रिकामा. दोरी गुंडाळून ठेवली व्हती मी."

"मग?"

"मग काय. बसून राहिलो."

"का?"

"तुझा राग आला व्हता म्हणून," मंगळू म्हणाला. "दुसरं कायबी नाय. तू मरत असशील असं वाटलं नाय मला, पन काय झालं असंल तेबी बघावंसं वाटलं नाय. सकाळी तुझ्या मुठीतला गोटा मीच काढून पाण्यात टाकला. कुणाला दिसू नाय म्हणून."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून यांच्याकडं बघायला लागला होता. हिरामणचा हात उशाशी गेला, तिथला स्टीलचा पेला त्याच्या हाताला लागला आणि त्यानं तो भिरकावला. पेला मंगळूच्या कपाळाला लागून फरशीवर खणाणत गेला.

"हो भायेर!" हिरामण ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. "भायेर हो! मी रातभर त्या वामेला शिव्या देत व्हतो! त्या वामेला! तोंड दाखवू नको मला. मेलो तरी येऊ नको!"

नर्स धावत आली. मंगळू मागं न बघता निघाला. कपाळावरून काहीतरी ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये भागीबाई दोन हातांत दोन चहाचे कप धरून येत होती, मागं कारभारीबाबा. मंगळू तिच्यासमोर थांबला.

"भागी, त्यानं दगड वाजवलं व्हतं," तो म्हणाला. "दोनदा. मी आयकलं. त्याला बोल लावू नको."

तिच्या हातातला चहा हिंदकळला. कारभारीबाबानं तिच्या हातातले कप काढून घेतले. मंगळू दोघांना बाजूला सारून जिन्याकडं चालू लागला. जिन्यावर ऊन आलं होतं. नातेवाईक डबे घेऊन चढत होते, खाली रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या.

तो दुसऱ्या पायरीवर होता तेव्हा मागून, वॉर्डातून, हाक आली.

"मंगळूऽऽ!"

उभ्या जन्मात हिरामणनं त्याला दादा लावल्याशिवाय हाक मारली नव्हती. पाण्यात, पायावर धोंडा असतानाही नाही. आत्ताच्या हाकेत दादा नव्हता, माया नव्हती, माफी तर नव्हतीच. त्या हाकेमागं आणखी शिव्या होत्या, बहुतेक दुसरा पेलाही होता. पॅसेजमधली माणसं वळून बघायला लागली.

"ओ," मंगळू म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि मागं फिरला.